साक्षीची कॅसेट

संत तुकाराम नगर, पिंपरी
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

कस्तुरा,

मायना काय लिहावा यातच माझा सकाळचा चहा गार झाला. 'सौ.' लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, आता बरं आठवलं. नुसतं नाव लिहिलं तर म्हणशील, माणूस होता तसाच कोरडा आहे. शेवटी नावच ठेवलं. कोरडा तर कोरडा.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं, पण खात्री करायला मागचा पत्ता वाचला. फोन करू नका, लिहून कळवा, असं म्हणालीस ते बरं केलंस. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडलो असतो.

आधी कामाचं सांगतो. कॅसेट आहे. लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, साक्षीच्या हिरव्या स्वेटरात गुंडाळून ठेवली आहे. आपला जुना टेपही आहे, त्याच्यावर तू विणलेला रुमालसुद्धा.

शेखरच्या नातीचं लिहिलंस. पोरगी सहा वर्षांची झाली, दिवसभर घर डोक्यावर घेते, आणि आता साक्षीला आठवायला गेलं की साक्षीच्या तोंडातून या पोरीचाच आवाज येतो. तुझ्या भावाच्या घरी राहून तू त्या लेकराला गप्प बस तरी कसं म्हणणार? ही एक ओळ लिहून तू पुढे हरभऱ्याच्या पिकावर गेलीस. मी मात्र त्या ओळीपाशीच राहिलो. आपली साक्षी जाऊन पंचवीस वर्षं झाली, कस्तुरा. तिचा आवाज त्या कॅसेटशिवाय दुसरीकडे कुठेच नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

कॅसेट तुझीच आहे, घेऊन जा. शेखरचा समाधान इथे वाकडला नोकरीला आहे म्हणतेस, तो पाडव्याला गावी येईल तेव्हा त्याच्याबरोबर देतो. तोवर नीट सांभाळतो.

मी स्वतः ती कधी लावली नाही. साक्षी गेल्यापासून ती कपाटात आहे ती आहे. आपल्याच्यानं होत नाही असलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

अर्जुन

—

संत तुकाराम नगर
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

कस्तुरा,

तू विचारलंस, "इतकी वर्षं त्या कंपनीत तुम्ही नेमकं करता तरी काय?" लग्न झाल्यापासून हा प्रश्न पहिल्यांदा आला. मे महिन्यात मी रिटायर होतोय, तेव्हा अगदी वेळेवर विचारलास म्हणायचं. कंपनी आता चाकणला गेली आहे, एवढं तरी शेखरकडून कळलं असेल.

आमच्याकडे गाड्यांचे क्रँकशाफ्ट येतात. इंजिनात फिरणारा वाकडातिकडा लोखंडी दांडा समज. वरून अगदी लखलखीत. पण त्याला केसाएवढी चीर असली तर ती डोळ्याला दिसत नाही, आणि पुढे गाडी भर घाटात असताना दांडा तुटतो. म्हणून आम्ही त्या दांड्याला थोड्या वेळापुरतं चुंबक बनवतो. चुंबकाच्या रेषा त्याच्या अंगातून वाहायला लागतात. त्या वाहत्या रेषांना आम्ही फ्लक्स म्हणतो. लोखंड धड असेल तर फ्लक्स आतल्या आत गपगुमान जातो. वाटेत चीर आली की तो अडतो आणि तेवढ्या जागी अंगाबाहेर सांडतो. मग वरून लोखंडाच्या बारीक पुडीचं पाणी सोडायचं. जिथे फ्लक्स सांडला असेल तिथेच ती पूड धरून बसते, आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली हिरवीगार रेघ उमटते. आम्ही त्या खोलीत बसून अशा रेघा शोधतो. त्यातही गंमत अशी की चीर फ्लक्सला आडवी असेल तरच सापडते. त्याच्याच दिशेने पळत असेल तर साफ निसटते. म्हणून प्रत्येक दांडा एकदा लांबीत आणि एकदा गोल, असा दोन्हीकडून बघावा लागतो.

शेवटचं काम म्हणजे ते चुंबकपण काढून टाकायचं. त्याला डीमॅग म्हणतात. नाही काढलं तर दांडा इंजिनात गेल्यावर लोखंडाचा कीस अंगाला धरून बसतो आणि सगळं खरवडून काढतो. तांब्याच्या तारेच्या एका मोठ्या वेटोळ्यातून त्याला न्यायचं, आणि करंट चालू असतानाच हळूहळू लांब, आणखी लांब ओढायचं. घाईने मध्येच बटण बंद केलं तर चुंबक आहे तसंच राहतं. नवीन पोरं हमखास तीच घाई करतात. माझ्या हातचा एकही पीस चुंबक राहिलं म्हणून परत आलेला नाही.

एवढं पुराण सांगायचं कारण, आपल्या टेपला हाच रोग झाला आहे. आवाज दबलाय आणि खरखर फार येते. पिंपरी कॅम्पात एक म्हातारा मेकॅनिक अजून टेप दुरुस्त करतो. त्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, फीत जिथे घासून वाजते त्या हेडमध्ये चुंबक धरलंय. कॅसेट जितक्या वेळा लावाल तितकी थोडी थोडी पुसत जाईल. आधी बारीक आवाज जातो." लेकराचा आवाज बारीकच की. मी घाबरलो. तरीच म्हटलं, दिवाळीपर्यंत 'बे साते चौदा' स्वच्छ ऐकू येत होतं ते आता घोगरं का येतंय.

डीमॅग करायचं यंत्र पूर्वी असायचं, आता कुणाकडे मिळणार नाही, असं तो म्हणाला. मला हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दिवसभर मी दुसरं करतो काय?

आमच्या तपासणीत रुपाली म्हणून मुलगी आहे, डिप्लोमा झालेली, हुशार. ती म्हणाली, "काका, कशाला एवढा खटाटोप? एकदाच लावा, मी मोबाईलमध्ये भरून घेते. खरखर तर खरखर." मी नाही म्हटलं. एकदा लावली तरी तेवढी पुसणारच ना? आधी हेड साफ, मग एकदाच लावायची, रुपालीच्या मोबाईलमध्ये घ्यायची, आणि कॅसेट तुला द्यायची. काम करायचं तर चोख करावं.

पुढच्या आठवड्यात टेप कंपनीत नेतो. तू काळजी करू नकोस, हे माझ्यावर सोड.

अर्जुन

—

संत तुकाराम नगर
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

कस्तुरा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. कंपनीत काम फार आहे, वर्षअखेरीची गडबड.

इकडे सगळं ठीक. आपल्या इमारतीला आता लिफ्ट बसवणार आहेत म्हणून मीटिंगवर मीटिंग चालू आहेत. तळमजल्यावरचे म्हणतात आम्हाला लिफ्टचा काय उपयोग, वरचे म्हणतात मग तुम्ही गच्चीवर पापड वाळत घालू नका. तू असतीस तर दोघांनाही गप्प केलं असतंस. जेवणाचा डबा समोरच्या सुमनताईंकडून येतो. भाजीत मीठ कमी असतं, पण बाई मनाने चांगली आहे.

निरोप समारंभाला काय हवं म्हणून कंपनीतली पोरं विचारत होती. काही नको म्हटलं.

कॅसेटचं विचारलंस. काम चालू आहे. समाधानला सांग, पाडव्याला मुद्दाम इकडे यायची घाई करू नको. त्याला वाकडहून इकडे यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये जीव जातो. मी नंतर पोस्टाने पाठवीन.

हल्ली डोळ्यांना जरा त्रास होतो. म्हणून पत्र लहान.

अर्जुन

—

संत तुकाराम नगर
गुरुवार, ६ मार्च २०२५

कस्तुरा,

"खरं सांगा, कॅसेट द्यायचीच नाही ना तुम्हाला?" असं लिहिलंस. वाचून मी पत्र फेकलं आणि मग उचललं.

मी ठेवून घेणारा माणूस वाटतो तुला? भांडीकुंडी, दागिने, मंगळसूत्राची जुनी पेटी, तू नेलंस ते नेलंस, मी कधी हे कुठे ते कुठे विचारलं? टेपचा पट्टा तुटला आहे. तो मिळत नाही. एवढंच आहे.

तू म्हणतेस, मी कधीच ती ऐकली नाही, मला तिची किंमत काय. असू दे.

एक सांग. ती कॅसेट मी भरली तेव्हा दुपारी कुल्फीवाला आला होता ना? तो आपल्याच गल्लीत वळला होता की पुढे निघून गेला? आणि तू कुकरला त्या दिवशी तूरडाळ लावली होतीस की मूग? उगीच विचारतोय. आठवत असेल तर कळव.

अर्जुन

—

संत तुकाराम नगर
गुरुवार, २७ मार्च २०२५

कस्तुरा,

तूरडाळ होती आणि कुल्फीवाला पुढे निघून गेला. तू कळवलंस ते माझ्या आठवणीशी जुळलं. आणि खाली लिहिलंस, "हे सगळं कशाला विचारायलाव? कॅसेट लावली की ऐकू येईलच की." त्या ओळीवर मला आज उत्तर द्यायचं आहे. समाधान संध्याकाळी येतोय. त्याच्या हातात हे पत्र देईन. कॅसेटही देईन, पण तिच्यात आता काही नाही.

कस्तुरा, साक्षीचा आवाज माझ्या हातून पुसला गेला.

टेप मी कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत वेटोळं मोकळं असतं. मी सगळ्याचा विचार केला होता. टेपमधल्या स्पीकरला चुंबक असतं, ते खराब होईल म्हणून स्पीकर सोडवून बाजूला ठेवला. सेल काढले. मनगटावरचं घड्याळ काढून खिळ्याला अडकवलं, ते तर मी रोजच करतो. मग टेप वेटोळ्याच्या अगदी कडेला धरला, कारण फ्लक्स तिथे सगळ्यात जोरकस असतो, आणि करंट चालू ठेवून हळूहळू लांब नेला. हाताच्या अंतरावर नेला, त्याच्याही पुढे नेला. एकदा नाही, दोनदा. चुंबक उरलंय का बघायचा आमच्याकडे छोटा काटा असतो, तो लावला. काटा हलला नाही. मी रुपालीला म्हटलं, "बघ, याला म्हणतात काम."

स्पीकर परत जोडला, सेल घातले, बटण दाबलं. खरखर गेली होती. चाकं फिरत होती. मला वाटलं स्पीकरची तार सुटली. ती काढून पुन्हा घट्ट केली. बाजू उलटून बघितली. पुढे ढकलून बघितली. शेवटी रुपालीनेच हात पुढे करून बटण बंद केलं आणि हळूच विचारलं, "काका, कॅसेट आतच होती का?"

आतच होती. कायम आतच असायची. स्वेटरात गुंडाळलेलं फक्त रिकामं कव्हर होतं.

कॅसेटची फीत म्हणजे काय, तर प्लास्टिकवर चोपडलेली लोखंडाची तांबूस पूड. त्या पुडीतलं इवलं इवलं चुंबक म्हणजेच आवाज. हे मला माहीत नव्हतं असं नाही, कस्तुरा. सगळा जन्म त्यात गेला. शाळेतल्या पोरालाही मी हे समजावून सांगितलं असतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात टेप दुरुस्त करायचा होता आणि आत साक्षी बसलेली होती. लेकराला कुणी सामान समजून बाहेर काढून ठेवत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते माझ्यासारख्यालाच. रुपालीचं ऐकलं असतं तर खरखरीसकट का होईना, पोर आज तुझ्या हातात असती. धसमुसळं काम केलं असतं तरी चार शब्द उरले असते. मी फार चोख केलं.

महिनाभर तुला थापा मारल्या. पट्टा बिट्टा काही तुटलेला नाही.

आणखी एक खोटं पहिल्याच पत्रात आहे. मी ती कधी लावली नाही असं लिहिलं होतं. दर गुरुवारी सुट्टीला, सकाळी, दार लावून लावायचो. तू गेलीस त्या वर्षापासून. म्हणून ती झिजली, म्हणून हेड खराब झालं. मीच वाजवून वाजवून जुनी केली.

साक्षीच्या तिसऱ्या दिवशी मी सेकंड शिफ्टला गेलो, तेव्हा दारात उभी राहून तू म्हणालीस, "तुमच्या पोटात काळीज हाय का लोखंड?" मी बूट घालून निघून गेलो. वर्षभराने तू महिन्यासाठी म्हणून शेखरकडे अहमदपूरला गेलीस आणि राहिलीस, तेव्हाही मी काही बोललो नाही. आज सांगतो. आमच्या तपासणीच्या खोलीत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काम सुरू करायचं नसतं, नुसतं बसून राहायचं असतं, असा नियमच आहे. तिथे कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. घरात नातेवाईक होते, शेजारी होते, तू होतीस. मला रडायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी कामावर गेलो. तुला हे तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्यासमोरच रडायला हवं होतं.

आता लिहितो ते नीट वाच. गेला महिनाभर मी हेच जुळवत होतो, म्हणून डाळ आणि कुल्फी विचारली. कॅसेट जशी होती तशी लिहितो. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे.

सुरुवातीला तुझ्या भजनाचा शेवटचा टाळ वाजतो. तुझ्याच कॅसेटवर भरलं म्हणून तू फणफणली होतीस. मग खट् असा आवाज. माझा खोकला.

साक्षी म्हणते, "बाबा, लाल लाइट लागली."

मी म्हणतो, "लागली ना? मग बोल आता."

"काय बोलू?"

"नाव सांग."

"तुम्हाला माहीत हाय की."

इथे तू स्वयंपाकघरातून हसतेस. लांबून येतं, पण येतं.

मी म्हणतो, "मला माहीत आहे, मशीनला कुठे माहीत आहे?"

मग ती तोंड टेपच्या अगदी जवळ आणते. श्वास ऐकू येतो. "मशीन, माझं नाव साक्षी अर्जुन केंद्रे. पहिली ब." थोडं थांबून, "तुझं काय?"

मी हसतो. माझं ते हसणं मला ओळखू येत नाही. मग मी पाढा म्हणायला लावतो. बे एके बे पासून धडाधड निघते, 'बे साते चौदा'ला जोर देते आणि तिथेच अडते. "बे आठे... बे आठे..." तेवढ्यात बाहेर घंटा वाजते. "बाबा, कुल्फीवाला!" पाय धावत खिडकीकडे जातात. लांबून, "इकडं नाही वळला." पाय हळूहळू परत येतात. पुन्हा "बे आठे..." आणि कुकरची शिट्टी. त्या शिट्टीच्या वर तुझा आवाज, "सोळा! तेवढं सोळा सांगायला आईच लागती व्हय?"

"बे आठे सोळा," साक्षी म्हणते, जणू तिलाच आठवलं. पुढचा पाढा ती म्हणतच नाही.

मग म्हणते, "आईला एक सांगू?"

मी म्हणतो, "सांग की, इथूनच सांग."

"तुम्हाला नाही. मशीनला पण नाही."

पाय धावतात. तुझ्या बांगड्या वाजतात, म्हणजे तू वाकून तिला जवळ घेतलं असावंस. कुजबुज. एकदम दोघींचं हसू. तू हसता हसता खोकतेस. मी ओरडतो, "काय म्हणाली गं?" आणि तू म्हणतेस, "आमचं हाय ते. तुम्हाला काय करायचंय?"

पाय परत येतात. अगदी जवळून, "मशीन, टाटा." खट्.

संपलं. वाचताना 'चौदा'वर जोर दे, म्हणजे तिच्यासारखं वाटेल. शेखरच्या नातीचा आवाज मध्ये आला तर येऊ दे, त्या पोरीचा काय दोष?

इतकी वर्षं दर गुरुवारी मी त्या कुजबुजीपाशी आलो की कान टेपला लावायचो. आवाज वाढवून बघितला, मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावून बघितली. एक अक्षर कधी कळलं नाही. ते टेपमध्ये गेलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या हातून पुसलंही गेलं नाही. ते तुझ्या कानात आहे. विसरली असलीस तर विसरले म्हण, मी काही बोलणार नाही.

कस्तुरा, काय म्हणाली होती ती?

लिहून पाठवू नकोस. फोन कर, नंबर समाधानकडे आहे. भांडण झालं तर होऊ दे. पण ते तोंडाने सांग, आणि जमलं तर ती म्हणाली होती तसंच सांग.

अर्जुन